पडदा ठेवला, डबा दिला

७ जुलै २०२५, सोमवार

नाथांचं नाव घेऊन लिहायला बसले. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती वाया जाण्यापेक्षा बरं.

आज तिसगावात ज्योतीच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. मेडिकलच्या दुकानावर, माडीवर आहे. मी दहावी पास आहे, पण त्याला एकतीस वर्षं झाली. दारात उभी राहिले तर कॉलेजच्या पोरींतली एक म्हणाली, "मावशी, कुणाला न्यायला आलात?" मी म्हटलं, "मलाच बसायचंय." मग पोरींनी एकमेकींकडे बघितलं. हसल्या असतील, मी पाहिलं नाही.

ज्योतीनं विचारलं, काय शिकायचंय? टायपिंग? मी सांगितलं, माझ्या मुलाचा कॉम्प्युटर घरात आहे. तो चालू करून त्यात त्याचा आवाज आहे तो ऐकायचा आहे. एवढंच आलं की पुरे. तिनं माझं नाव वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्या बाकावर बसा मावशी. तिथून नीट दिसतं."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. चहाची बशी तोंडाशी तशीच राहिली. "या वयात मामलेदार व्हायचंय का तुला? काय सापडणार हाय त्यात?" म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गोठ्याकडं गेले. चहा टाकणारा माणूस नाही हा.

९ जुलै, बुधवार

परवा अमृतला जाऊन सहा महिने होतील. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. एवढंच लिहिते.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. मागच्या दिवाळीनंतर एकदा नाथांची पोथी वाचताना माझी ओळ चुकली, तेव्हा अमृत म्हणाला, "आई, सगळी पोथी मी माझ्या आवाजात भरून ठेवतो. तुला दिसेनासं झालं तरी पारायण चुकायचं न्हाई." रोज संध्याकाळी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून वाचायचा. मध्येच शेळी ओरडली की पुन्हा पहिल्या ओवीपासून. मी म्हणायचे, राहू दे शेळी, तिलाही पुण्य लागेल. तो म्हणायचा, "तिला लागंल गं, पण ऐकताना तुला हसू येईल."

त्याचा मोबाईल त्याच्याबरोबरच चुरा झाला. घरात दहावीच्या वेळचा एक फोटो आहे, लग्नाकार्यातले दोन-चार आहेत. आवाज कुठंच नाही. आहे तो त्या कॉम्प्युटरमध्ये.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वस्तू भाच्याला देतात, पाया पडून. ह्यांच्या बहिणीचा गोरख मिरजगावला असतो, त्याला दिल्या. मीच निवडून दिल्या, कुणाला हात लावू दिला नाही. कपडे, बूट, छत्री, तांब्या, गादी. गोरख फ्लेक्सचं दुकान टाकणार होता म्हणून वन्सं म्हणाल्या, "त्याचा कॉम्प्युटर बी दे जया, कामाला येईल." मी म्हटलं, तो नाही देणार. मग सगळे बसलेले, नाही म्हणायला बरं वाटेना, म्हणून विचार करून निम्मा दिला. अमृतचा चेहरा पडद्यावर दिसायचा, आवाज त्या दोन लहान स्पीकरांतून यायचा. ते ठेवले. टेबलाखालचा काळा डबा नुसता घुर्रघुर्र करायचा आणि झाडताना केरसुणीला आडवा यायचा. तो दिला, अक्षरांची पाटी दिली. गोरख म्हणाला, "पडदा ऱ्हाऊ द्या मामी तुमाला. माझ्याकडं हाय." डबा त्यानं कपाळाला लावून घेतला. गुणी पोर आहे.

पडद्याला रोज हळदकुंकू लावते, फूल ठेवते. बटण दाबलं की दिवा लागतो आणि इंग्रजीत 'नो सिग्नल' लिहून येतं. वस्तीवर मोबाईललाही धड रेंज नसते, तेव्हा हे व्हायचंच. म्हणून वैशाखात टेबल खिडकीशी सरकवलं. ह्यांना म्हटलं, जरा हात लावा. ह्यांनी दुसरं टोक धरलं. मी पुन्हा बटण दाबलं तेव्हा मात्र बाहेर निघून गेले.

१४ जुलै, सोमवार

माऊस सरकवायचा असतो, दाबायचा नाही. मी भाकरी थापल्यासारखी त्याच्यावर हात टाकते असं निकिता म्हणते. निकिता म्हणजे शेजारच्या बाकावरची. पहिल्या दिवशी 'कुणाला न्यायला आलात' म्हणणारी तीच. आता माझ्यासाठी जागा धरून ठेवते. आज मी माझं नाव लिहिलं, जया. मग लिहिलं अमृत. 'मृ' कसा काढायचा ते निकितानं दाखवलं. कोण म्हणून विचारलं नाही. तिसगावात सगळ्यांना माहीत आहे.

१६ जुलै, बुधवार

आज आउटपुट साधनांचा धडा झाला. सगळा लिहून काढते. लिहिलं की हात चालतो.

ज्योती म्हणाली, आपण आत घालतो ते इनपुट, यंत्र बाहेर काढून देतं ते आउटपुट. ज्यातून बाहेर काढून देतं त्या वस्तू म्हणजे आउटपुट साधनं. पहिला मॉनिटर, म्हणजे पडदा. तो जवळून बघितला तर सगळे ठिपके. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो तसं, फक्त ठिपके लाखांनी, आणि रेघ कुणी ओढत नाही, ठिपकेच रंग बदलतात. दुसरा प्रिंटर, तो कागदावर देतो. पडद्यावरचं वीज गेली की गेलं, कागदावरचं हातात राहतं. तिसरा स्पीकर. हेडफोन म्हणजे एकट्या माणसापुरता स्पीकर. प्रोजेक्टर शाळेत भिंतीवर चित्र पाडतात तो. "आणि वाढदिवसाचे एवढे मोठे बॅनर छापतात ना, तो सुद्धा प्रिंटरच. दादांचा प्रिंटर." पोरी हसल्या. मीही हसले. ते आठवतंय कारण त्यानंतर हसले नाही.

मग तिनं पडद्यावर 'ज्योती' असं लिहिलं आणि मागची वायर उपसली. पडदा काळा. "सांगा, माझं नाव कुठं गेलं?"

निकिता म्हणाली, "पुसलं."

तिनं तो पडदा उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्या बाकावरचा पडदा आणून त्याच वायरीला जोडला. त्या पडद्यावर 'ज्योती' आलं.

"पुसलं नाही. ते पहिल्या पडद्यात नव्हतंच कधी. ते या खालच्या डब्यात आहे. पडदा म्हणजे घराची खिडकी. खिडकीतून वावर दिसतं, म्हणून वावर खिडकीत असतं का?"

मी हात वर केला. वर्गात पहिल्यांदा. म्हटलं, "आणि आवाज? तो तर स्पीकरात राहत असेल."

"नाही मावशी. स्पीकरात काही राहत नाही. येतं आणि निघून जातं."

मी तेही लिहून घेतलं. पेन चालत होतं. पुढं तिनं काय सांगितलं ते वहीत आहे, अक्षर माझंच आहे, पण मी ऐकल्याचं आठवत नाही. सुटल्यावर पोरी गेल्या, मी बाकावरच बसून होते. ज्योती फळा पुसून आली. विचारलं, "घरी डबा आहे ना, मावशी?"

१७ जुलै, गुरुवार

स्वयंपाक केला. ज्वारी निवडली. पडद्याला फूल वाहिलं नाही.

२१ जुलै, सोमवार

चार दिवस एकच डोक्यात. मी स्वतःच्या हातानं दिला. पाया पडून दिला. केरसुणीला आडवा येतो म्हणून दिला. कुणी फसवलं असतं, चोरलं असतं, तर त्याच्यावर ओरडता आलं असतं.

आज ज्योतीला म्हटलं, भाच्याला दिलेलं दान परत मागता येत नाही. मागितलं तर दिलेलं अमृतला पोचलं नाही असं होतं. तिकडं तो उघडा, अनवाणी राहील. तिला हसू आलं नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "मावशी, तुम्ही डबा दान दिला. आवाज दान दिला होता का?"

"नाही. आवाज कसा देईन?"

"मग डबा त्यांचाच राहू द्या. आतलं तेवढं उतरवून आणा. तिथलं कमी होत नाही, तुम्हालाही मिळतं." आणि तिचा स्वतःचा पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला. बोटाएवढा.

म्हणजे दिव्यावरून दिवा लावून घेण्यासारखंच झालं. त्यात पाप नसावं. मढीला कानिफनाथांच्या पायरीवर जाऊन कौल लावावा म्हणते.

२६ जुलै, शनिवार

काल श्रावण लागला. पारायणाला बसले. दहा ओव्यांनंतर अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतात. बोटानं ओळ धरून एक अध्याय ओढला.

रात्रीच्या जेवणाला ह्यांच्यापाशी विषय काढला. म्हटलं, "गोरखला विचारावं म्हणते. डबा नको. आतला आवाज तेवढा."

हे एकदम ओरडले. "दान दिल्यालं मागत्यात व्हय कुठं? लोक काय म्हणतील? पुन्हा नाव काढायचं न्हाई!"

मला आश्चर्य वाटलं. देवाधर्माचं ह्यांना एवढं कधीपासून? एकादशीला चोरून भेळ खाणारा माणूस. मग वाटलं, बहिणीकडं काही वाद झालेला असणार. चैत्रात शेळी बघायला म्हणून मिरजगावला गेले, तिथून नगरला काय काम निघालं म्हणून दोन दिवस राहिले, शेळी न घेताच परत आले. आल्यावर जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, उन्हानं डोकं दुखतंय. पैशावरून काही बोलणं झालं असेल. बहीणभावात मी पडत नाही.

ओरडल्यावर मात्र माझं ताट त्यांनीच उचललं आणि घासून ठेवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

२ ऑगस्ट, शनिवार

मढीला जाऊन आले. पायरीवर डोकं ठेवलं. कौल लावायचं धाडस झालं नाही. नाही म्हणाले असते नाथ, तर मग काय केलं असतं?

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

वन्सं राखी बांधायला आल्या. नारळीभात केला. ठरवलं होतं, आज त्यांनाच विचारायचं. पण हे आज आम्हाला दोघींना एकटं सोडीनात. मी म्हणाले, "वन्सं, जरा आत या, पापड दाखवते." तर हेही उठले, "मला बी बघायचेत पापड." वन्सं म्हणाल्या, "अरं सहादेवा, पापड काय बघायची वस्तू हाय का? बस की गप!" तरी आले.

नंतर मी पाणी आणायला गेले. परत येताना ओसरीवर दोघं हळू बोलत होते. वन्सं डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, "किती दिवस रे असं?" मला बघून गप्प झाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्याचंच असेल. जाताना मला पोटाशी धरून इतक्या रडल्या की मीच त्यांची समजूत घातली. त्यांचाही लाडका होता अमृत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ह्यांना सांगितलं, नगरला डोळे दाखवायला जाते. लग्नानंतरचं पहिलं खोटं. एसटीत अर्ध्या तिकिटात बसले, नगरला गाडी बदलली, मिरजगावला उतरले. रस्त्यालाच दुकान आहे. वन्सं घरी होत्या, गोरख एकटा होता.

"मामी! अवो कळवायचं तरी. मामा आल्यात का?"

"मी एकटीच आले."

त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. दुकानात एक भलंमोठं यंत्र कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर छापत होतं. आधी केस बाहेर आले, मग कपाळ, मग गॉगल. टेबलाखाली अमृतचा डबा होता. कोपऱ्यावरचा पोपटाचा स्टिकर तोच, अमृतनं आठवीत असताना लावलेला. घुर्रघुर्र तीच. मी खाली वाकून त्याच्यावर हात ठेवला. गरम होता.

म्हटलं, "गोरख, डबा तुझाच. मला तो नको. यातलं अमृतचं वाचन तेवढं यात घालून दे." आणि पेन ड्राइव्ह पुढं केला.

पोरगं घामाघूम झालं. "मामी..." म्हणालं आणि यंत्राकडं बघत बसलं. गॉगलखाली नाक आलं, मिशी आली.

"मामी, आणला त्याच दिवशी मी तो साफ केला. नवं काम टाकायचं म्हणून पयलं सगळं पुसत्यात. मला वाटलं, तुमी काढून घेतलं आसंल. देताना कुणी काय बोललं न्हाई."

"नीट बघ. मी शिकलेय. फाइल असते, फोल्डर असतं. कुठंतरी राहिलं असेल."

त्यानं बघितलं. एकेक कप्पा उघडून दाखवला. लग्नपत्रिका, बॅनर, फुलांच्या चौकटी. मी म्हटलं, स्पीकर लाव. त्यानं निमूट लावला, आवाज पूर्ण वाढवला. नुसती खरखर. तरी मी ऐकत बसले. ज्योतीनं सांगितलं आहे, स्पीकरात काही राहत नाही.

गोरख रडायला लागला. "मामी, मामांना म्या तवाच सांगितलं व्हतं."

"कोणत्या मामांना?"

"आपल्याच. चैत्रात आल्ते की. म्हणले, जयासाठी आवाज पायजे. माझ्या पाया पडाया लागले, मामी. मग आमी दोघं डबा घिऊन नगरला गेलो. पुसल्यालं काढून देणारा एक माणूस हाय तिथं. दोन दिवस बसलो. त्यानं सांगितलं, वरून लई काम झालंय, आता न्हाई निघायचं. मामा तिथंच फुटपाथवर बसले. म्हणले, तिला कळू देऊ नका. ती पडद्याला फुलं वाहती, वाहू द्या."

चहा आला होता, तो प्यायले. टाकायचा कशाला. गोरखच्या डोक्यावर हात फिरवला. त्याची काय चूक? बॅनर पुरा छापून खाली पडला. हसरा चेहरा होता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. एवढे महिने ह्या माणसानं ते एकट्यानं पोटात ठेवलं. मी 'नो सिग्नल' म्हणून टेबल सरकवायला लावलं तेव्हा सगळं माहीत असून दुसरं टोक धरलं. आणि मी पैशाचा वाद म्हणत बसले.

घरी पोचले. हे दारातच उभे होते. "डोळ्याचं काय म्हणाले?"

मी म्हटलं, "थेंब दिलेत. आणि महिनाभर वाचायचं नाही."

"बरं," म्हणाले.

त्यांनी माझ्यासाठी लपवलं, आता मी त्यांच्यासाठी लपवीन. मला कळलंय हे त्यांना कधी कळू द्यायचं नाही. फुकट गेलं सगळं असं वाटेल त्यांना. उद्यापासून पडद्याला पुन्हा फूल.

भाकऱ्या करत होते तेव्हा ह्यांचा मोबाईल वाजला. रेंजसाठी अंगणाच्या टोकाला गेले, बराच वेळ तिथंच पाठमोरे उभे होते. आल्यावर विचारलं, कोण? म्हणाले, "राँग नंबर." तोंड धुऊन आले होते. उकाडाच आहे तसा.

१३ ऑगस्ट, बुधवार

ज्योतीचा पेन ड्राइव्ह परत केला. तिनं हातात घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. आज वर्गात प्रिंट काढायला शिकवलं. निकितानं तिच्या नावाची काढली. मी काढली नाही.

सकाळी पडद्याला फूल वाहताना हे मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्या जास्वंदीची आणतो." ह्यांना काही कळलेलं नाही, नाथांची कृपा.

दिवेलागणीला मी पोथीपुढं नुसती बसले होते. वाचायचं नाही असं काल मीच बोलून बसले, तर आता उघडता येईना. हे हातपाय धुऊन आले, माझ्या शेजारी पाट मांडला आणि पोथी स्वतःकडं ओढली. "तुला वाचायचं न्हाई म्हणाल्यात ना. मी वाचतो. तू ऐक." थेंबांच्या बाटलीची चौकशीसुद्धा केली नाही, विसरले असतील.

ह्यांची शाळा चौथीपर्यंत. बोट ठेवून, एकेक शब्द उचलून, कुठंही थांबत, कुठंही श्वास घेत वाचत होते. मी डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या पानावर एक मोठं जोडाक्षर आलं. ह्यांनी दोनदा प्रयत्न केला. निघेना.

असं अडलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा. मी अडले तरी, हे पेपर वाचताना अडले तरी. बघायलाही यायचा नाही, तिथूनच अख्खा शब्द सांगायचा.

हे थांबले. मी थांबले. दोघांनीही आतल्या दाराकडं पाहिलं आणि किती वेळ तसेच बसून राहिलो. शेळी तेवढी ओरडली.

मग ह्यांनी तो शब्द तसाच सोडला आणि पुढची ओवी वाचायला घेतली.